तीस सेकंदांचं काम

आमच्या देवघरात अन्नपूर्णा आहे, बाळकृष्ण आहे, टाकावरचा खंडोबा आहे आणि आणखी एक देव असा होता, की त्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. अंगठ्याएवढा. वर शेंदराचे इतके थर, की आत दगड आहे की लाकूड तेही कळू नये. मामंजी गेले त्या वर्षी सासूबाईंनी तो माझ्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाल्या, "हा ह्यांनी लढाईवरून आणलाय. खंडेनवमीला पहिलं फूल ह्याला." कुठला देव, असं सुनेनं विचारायची पद्धत नव्हती. मी तो मऊ साडीत गुंडाळून टेक्सासला आणला.

शुगर लँडमध्ये लोकांनी आपापल्या परीने त्याला ओळखलं. नीलांबरी मावशींनी भैरोबा ठरवला. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी चष्मा पुसून निरखून पाहिलं आणि "स्वयंभू आहे" असा निकाल दिला. मी चौतीस वर्षं त्याला पंचामृताने न्हाऊ घातलं. आमचं बरंच बरं चाललं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

माझे यजमान प्रतापराव मात्र देवघरापाशी फिरकत नसत. लांबूनच हात जोडायचे, तेही चहाचा कप घेतलेल्या हाताने. सगळी हयात त्यांनी तेलाच्या पाइपलाइनी आखण्यात घालवली. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते वडिलांशी, आणि वडील गेले तरी ते मिटलेलं नव्हतं.

ते भांडण सांगायला हवं. मामंजी, म्हणजे दौलतराव मोहिते, साताऱ्याकडच्या आमच्या गावातून फौजेत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत ब्रेन कॅरियर चालवत होते. आंघोळीच्या टबाला रणगाड्याचे पट्टे लावले की जे होईल ते म्हणजे ब्रेन कॅरियर. वरून उघडी, बाजूला पातळ चिलखत, चारपाच माणसं आणि एक मशीनगन. एका नदीकाठी पलटणीला रातोरात मागे यावं लागलं, पूल उडालेला, गाडी पलीकडेच राहिली. गाडी सोडावीच लागली तर चालू हालतीत शत्रूच्या हाती लागता कामा नये, असा हुकूम प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असे. आठ दिवसांनी तीच गाडी पुढ्यात आली. अंगावर जर्मन क्रॉस रंगवलेला, आत जर्मन बसलेले आणि डाव्या अंगाला मामंजींनीच पाडलेला पोचा. त्या दिवशी शेजारच्या गावचा एक जण तिच्या गोळ्यांनी गेला.

चौकशी झाली. मामंजी नाईक होते, त्यांच्या बाहीवरच्या दोन फिती काढून घेतल्या. शिपाई म्हणून गेले होते, शिपाई म्हणून परत आले. गावाने मग जे गाव करतं ते केलं. पाणवठ्यावर, पारावर, लग्नाच्या पंगतीत कोणीतरी हटकून विचारायचंच, "काय दौलतराव, गाडी देता का?" मामंजी हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. शेत करायचे. प्रतापराव हे ऐकत लहानाचे मोठे झाले आणि शाळेत त्यांचं नाव 'गाडीदान' पडलं.

पंचाहत्तर साली ते अमेरिकेला निघाले त्या सकाळी बापलेकांचं वाजलं. निमित्त फालतू होतं. विहिरीचं काम अर्धवट टाकून चाललास, असं मामंजी म्हणाले. प्रतापराव बावीस वर्षांचे आणि तोंडाचे फटकळ. "चालू गाडी जर्मनांना देऊन आलेल्या माणसाने मला अर्धवट कामाचं शिकवू नये," असं बोलून गेले. मामंजी उठले, पाठ फिरवून देवघरात गेले. प्रतापरावांनी बॅग उचलली आणि एसटी पकडली. नंतर दोघे बोलले ते पाऊसपाण्याबद्दल आणि तब्येतीबद्दल. मामंजी गेल्याची तार आली, आम्ही पोचलो ते तेराव्याला.

शुगर लँडमध्ये पुरुष रिटायर झाले की गोल्फ खेळतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. प्रतापराव दुसऱ्या मार्गाला लागलेच होते, एवढ्यात एका जत्रेत त्यांना डॅरेल क्राउझ भेटला. ब्रेनहॅमच्या पुढे शेत, वय चौऱ्याहत्तर, तरुणपणी अमेरिकन फौजेच्या गाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या गोठ्यात गाई नाहीत, महायुद्धातल्या चार गाड्या आहेत. त्यातली एक ब्रेन कॅरियर, आणि तिच्यावर पांढऱ्या कडेचा काळा जर्मन क्रॉस, अगदी परातीएवढा.

"जर्मनांनी पकडलेली म्हणून रंगवलीय," त्याने पहिल्याच दिवशी समजावलं. "इंग्रजांच्या रंगातली कोणाकडेही असते. त्यांना गाड्या कमी पडायच्या, मग ज्याची सापडेल त्याची वापरायचे, फ्रेंचांची, इंग्रजांची, रशियनांची. क्रॉस एवढा मोठा का? तर आपल्याच माणसांनी उडवू नये म्हणून."

त्यानंतर प्रतापराव दर शनिवारी सव्वा तास ड्राइव्ह करून जायचे आणि त्या गाडीखाली झोपायचे. आमची प्रीता सनीव्हेलला चिप्सच्या कंपनीत आहे. तिने फोटो पाहिला आणि लगेच फोन केला.

"आई, व्हॉट इज धिस? बाबा जर्मन क्रॉसशेजारी थम्स अप करतायत!"

"ते फक्त ग्रीस लावतात गं."

"टेल हिम, फेसबुकवर टाकू नका, प्लीज. माझी टीम बघते."

मला वाटलं, छंद आहे, घराबाहेर राहतील, बरंच आहे. खरं काय ते सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी कळलं. जेवताना त्यांनी भाकरी तशीच ताटात ठेवली.

"वसुधा, आज डॅरेलला विचारलं. म्हटलं, पळता पळता ड्रायव्हरला गाडी बंद पाडायची असेल तर किती वेळ लागतो? इंजिन फोडायचं, आग लावायची, काय करायचं?"

"मग?"

"हसला. म्हणाला, फोडतोस कशाला, रोटर काढून खिशात टाकायचा. ठिणगी वाटून देणारा एवढासा तुकडा असतो, त्याच्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. मला करून दाखवलं. मी घड्याळ लावलं. तीस सेकंद. तीस सेकंदांचं काम होतं आणि आबांनी ते केलं नाही. आणि तो माणूस गेला."

पन्नास वर्षं मी ह्या माणसाला ओळखते. त्यांना रागवायचं नव्हतं, सुटायचं होतं. त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं की ते काम अवघड होतं, तासाभराचं होतं, बर्फात होणारं नव्हतं. त्यासाठी ते सहा महिने गाडीखाली झोपले आणि हाती काय लागलं, तर तीस सेकंद. मला त्यांची फार दया आली. ती दाखवली असती तर ते उठून गेले असते, म्हणून मी आमटी वाढली.

आमच्याकडे सगळे सण शनिवारी येतात. पंचांग काही का म्हणेना, खंडेनवमीही शनिवारी आली. त्या दिवशी शस्त्रांची, हत्यारांची, गाड्यांची पूजा. गॅरेजमध्ये मी पाट मांडून ड्रिल मशीन, कुदळ, प्रतापरावांचा जुना स्लाइड रूल आणि माझा मिक्सर ओळीने ठेवला, टोयोटाला हार घातला. जेवायला डॅरेलला बोलावलं होतं. तो तोंड पाडून आला.

"गाडी बंद पडली," त्याने दारातच सांगितलं. "रोटर तडकला. नवा मागवला तो बसत नाही. पुढच्या शनिवारी मोठा शो आहे, तीन हजार लोक येतील आणि माझी गाडी उभी."

"आधी जेवा," मी म्हटलं. रोटर हा शब्द प्रतापरावांसमोर नको होता मला.

डॅरेलने न सांगता बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. देव बघायचेत म्हणाला, म्हणून मी त्याला देवघरापाशी नेलं. त्या सकाळी शेंदराची एक जाड खपली पडली होती आणि कडेला पिवळं काहीतरी चमकत होतं. मी वर झेंडू ठेवून ते झाकलं होतं, सणासुदीला कशाला अपशकुन. पण डॅरेल गुडघ्यावर बसला, हात मागे बांधून वाकला, आणि बराच वेळ बघत राहिला.

"मॅम, गैरसमज नको," तो म्हणाला. "पण तुमच्या देवांमध्ये फोर्डचा रोटर का आहे?"

"तो आमचा कुळाचा देव आहे."

"येस मॅम. फोर्ड व्ही-एटचा आहे. ब्रेन कॅरियरमध्ये तेच इंजिन असतं."

मागे प्रतापराव पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. ग्लास त्यांनी खाली ठेवला, तो नेमका समईच्या तबकात.

देवाला विचारून मी त्याला उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. गरम पाणी, लिंबू, जुना टूथब्रश. ऐंशी वर्षांचा शेंदूर निघायला पाऊण तास लागला. वरचे माझे थर, खालचे सासूबाईंचे. सिंक लालभडक झालं. शेवटी हातात उरला तो काळ्या बेकेलाइटचा तुकडा आणि त्यावर पितळेची पट्टी. डॅरेलने चष्मा कपाळावर चढवला, उलटासुलटा करून पाहिला आणि मान हलवली. कोणी फोडलेला नाही, तुटलेला नाही, नीट काढलेला आहे, असं म्हणाला.

"आबांनी काढला होता," प्रतापराव म्हणाले. "मग गाडी चालली कशी? आठ दिवसांनी ती गाडी चालत आली होती. माणसांनी पाहिली."

डॅरेलला ह्यात काहीच आश्चर्य वाटलं नाही. "चालणारच. जर्मनीत कोलोनला फोर्डचा कारखाना होता. जर्मन फौजेच्या ट्रकमध्ये हेच इंजिन. त्यांनी आपल्या एखाद्या ट्रकमधला रोटर काढला असेल, ह्यात बसवला असेल. तीस सेकंद." मग जीभ चावल्यासारखा गप्प झाला.

"त्यांनी चौकशीत दाखवला नसेल का हा?"

"दाखवला असेल. साहेब म्हणाला असेल, गाडी तर चालत होती. मी फौजेत होतो, प्रताप. कागदावर गाडी चालत असली की खिशात काय आहे ते कोणी बघत नाही."

मला तेव्हा सासूबाईंची एक गोष्ट आठवली. मी खुर्चीवर बसले. इतकी वर्षं मला ती साधीच वाटत होती.

"अहो, ऐका," मी म्हटलं. "तुम्ही निघालात त्या दिवशी मामंजी देवघरात गेले ना, ते पाठ फिरवून नाही गेले. सासूबाईंनी सांगितलं होतं मला. त्यांनी हा उचलला आणि हातात घेऊन दारापर्यंत आले. तुम्ही एसटीत बसला होतात. मग पुन्हा आत येऊन जागेवर ठेवला. सासूबाईंना वाटलं, पोराला आशीर्वाद द्यायला देव नेला होता. मलाही तेच वाटत होतं."

प्रतापरावांनी रोटर माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी, तीर्थ घेतात तसा. आणि माझ्या बहात्तर वर्षांच्या नवऱ्याने परक्या माणसासमोर हुंदका दिला. "मी त्यांना गाडी देऊन आलेला माणूस म्हणालो," ते म्हणाले. "गावाने म्हटलं ते म्हटलं. मी घरात म्हणालो, वसुधा." डॅरेल उठून बाहेर गेला आणि गॅरेजमध्ये माझ्या मिक्सरकडे बघत उभा राहिला.

सासूबाईंचं मला नवल वाटतं. नवरा लढाईवरून येतो, खिशातून काहीतरी काढून देवघरात ठेवतो आणि म्हणतो, हे इथं राहू दे. त्यांनी विचारलं नाही, कुंकू लावलं. देवघरात आहे त्याला कुंकू लावायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं. मामंजींनीही हरकत घेतली नाही. ज्या वस्तूवर सरकारने विश्वास ठेवला नाही, तिला घरात रोज फूल मिळत होतं. आता मीही काही वेगळं केलं, असं म्हणता येणार नाही.

जेवण शेवटी चार वाजता झालं. डॅरेलने तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि चौथीला नाही म्हणताना घसा खाकरला.

"प्रताप, वेळ चुकीची आहे, मला कळतं. पण तो रोटर माझ्या गाडीत बसेल. त्याच काळातला, त्याच इंजिनाचा. एका शनिवारपुरता तुमचा देव मिळेल का? मी स्वतः परत आणून देईन."

प्रीताने त्याच वेळी व्हिडिओ कॉल केला होता आणि सगळं ऐकून झालं होतं तिचं. "बाबा, गिव्ह इट टू हिम! आबांच्या रोटरने कॅरियर चालेल, दॅट्स सो ब्यूटिफुल."

मलाही क्षणभर ते बरं वाटलं. तीन हजार लोकांसमोर मामंजींच्या हातचा तुकडा गाडी चालवणार. प्रतापरावांनी रोटर शर्टाच्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं.

"तुझ्या गाडीवर क्रॉस आहे, डॅरेल."

"रंगच आहे तो."

"असेल. पण गाडी शत्रूला चालू हालतीत मिळता कामा नये, असा हुकूम होता. तो अजून कोणी कॅन्सल केलेला नाही."

प्रीता म्हणाली, "बाबा, सीरियसली?" मी फोन उलटा ठेवला. डॅरेलने प्रतापरावांकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो खुर्चीत सरळ बसला.

"नो, सर," तो म्हणाला. "मला कोणी तसं सांगितलेलं नाही." आणि चौथी पोळी मागून घेतली.

पुढच्या शनिवारी आम्ही शोला गेलो. ऑक्टोबर असूनही ऊन मी म्हणत होतं. मैदानावर ट्रक फिरत होते, मोटारसायकली फिरत होत्या, जर्मन गणवेशातली पोट सुटलेली माणसं सावलीत बसून लिंबू सरबत पीत होती. डॅरेलने कॅरियर ट्रेलरवरून उतरवून, सहा जणांकडून ढकलवून मैदानाच्या कडेला आणली होती. क्रॉस तसाच होता. क्रॉसखाली डाव्या अंगाला एक पोचा दिसत होता. तो आधी नव्हता. मी विचारलं तर डॅरेल म्हणाला, ट्रेलरवर चढवताना लागलं असेल, आणि नजर चुकवली.

प्रत्येक गाडीपुढे माहितीची पाटी असते. त्याने जुनी पाटी काढून नवी लावली होती, हाताने रंगवलेली.

ब्रेन कॅरियर. इटलीत जर्मन फौजेने पकडलेल्या गाडीप्रमाणे. चालत नाही. ड्रायव्हर नाईक दौलतराव मोहिते यांनी हुकुमाप्रमाणे बंद केली.

प्रतापरावांनी ती दोनदा वाचली. इंजिनिअर माणूस, चूक दिसली की राहवत नाही.

"फिती काढून घेतल्या होत्या, डॅरेल. कागदोपत्री ते शिपाई होते."

"त्या कागदावर मी सही केलेली नाही," डॅरेल म्हणाला आणि खुर्ची मांडायला गेला.

लोक येत होते. गाड्या फिरत असताना ही एकच का उभी, असं ज्याला त्याला वाटत होतं. गाडीपाशी मला एक खुर्ची मिळाली. प्रतापरावांनी खुर्ची घेतली नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला बटण, ते पाटीशेजारी उभे राहिले. काऊबॉय टोपीतला एक म्हातारा थांबला, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "काय बिघडलंय हिचं?"

"काही बिघडलेलं नाही," प्रतापराव म्हणाले. "माझ्या वडिलांनी बंद केली."

म्हाताऱ्याने पाटी वाचली, टोपीला हात लावला आणि पुढे गेला. मग एक बाई आली, तिनेही तेच विचारलं. मग आणखी कोणी. पाणी प्या, बसा, असं मी तीनदा सांगून पाहिलं. ते दर वेळी खिशावर हात ठेवायचे आणि आलेल्या माणसाला तेच एक वाक्य सांगायचे, न कंटाळता, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं, संध्याकाळी पाच वाजता मैदान रिकामं होईपर्यंत.